बटण बंद करण्याआधी दिवे पाहावेत

घरचे इंटरनेट बंद पडले, की बहुतेक जण सर्वप्रथम भिंतीवरच्या डब्याचे बटण बंद करून पुन्हा चालू करतात. फायबर जोडण्यांच्या दुरुस्तीचे काम करताना माझी ग्राहकांना एकच कळकळीची विनंती असते, की बटणाला हात लावण्यापूर्वी दिव्यांकडे नीट पाहावे आणि जमल्यास मोबाईलवर त्यांचा फोटो काढावा. कारण डबा बंद झाला, की बिघाड कोणत्या टप्प्यावर होता याची खूणही त्याच्यासोबत पुसली जाते.

या डब्याला आम्ही ओएनटी म्हणतो. दिव्यांची नावे आणि रंग कंपनीगणिक थोडे बदलतात, मात्र वाचण्याचा क्रम बदलत नाही. पॉवरचा दिवा लागला नसेल तर आधी अडॅप्टर तपासावा. एलओएसचा (लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे सिग्नल हरवल्याचा) लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबरमधून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पुरेसा पोहोचतच नाही: तार तुटली आहे, कपाटामागे दुमडली आहे किंवा कनेक्टर निसटला आहे. अशा वेळी कितीही वेळा रीस्टार्ट केले तरी उपयोग होत नाही. (निसटलेल्या कनेक्टरच्या टोकात मात्र कधीही डोकावू नये, तो प्रकाश अवरक्त असल्याने दिसत नाही, पण डोळ्याला घातक ठरू शकतो.)

सर्वाधिक गैरसमज पीओएनच्या, म्हणजे एक्सचेंजशी जोडणी झाल्याचे दाखवणाऱ्या, दिव्याबद्दल आहेत. जीपीओएन या फायबर जोडणीच्या पद्धतीत एक्सचेंजकडून घराकडे १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि घराकडून एक्सचेंजकडे १३१० नॅनोमीटरचा प्रकाश एकाच तंतूतून जातो, आणि तो तंतू स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असल्यामुळे प्रत्येक डब्याला आपली पाळी आल्यावरच बोलता येते. ही पाळी मिळण्यासाठी डब्याची एक्सचेंजमधल्या यंत्राकडे नोंदणी व्हावी लागते. ती पूर्ण झाली की पीओएनचा दिवा स्थिर होतो. म्हणून एलओएस विझलेला आणि पीओएन सतत लुकलुकत असलेला दिसला, तर वरून प्रकाश येत आहे, परंतु नोंदणी होत नाही, असा अर्थ घ्यावा.

गेल्या पावसाळ्यात एका निवृत्त शिक्षकांच्या घरी मला नेमके हेच दिसले. त्यांना आधी दोनदा नवीन डबा बसवून दिला होता. मी फायबरमधल्या प्रकाशाची ताकद मोजणारा पॉवर मीटर लावला तेव्हा आकडा उणे २७.८ डीबीएम आला (डीबीएम हे त्या ताकदीचे एकक; उण्यापुढचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश क्षीण). नेहमीच्या बी प्लस वर्गातल्या ओएनटीची मर्यादा उणे २७, म्हणजे अवघे दोन मायक्रोवॉट. भिंतीवरच्या पेटीत फायबर जोडण्याचा हिरवा अडॅप्टर होता आणि त्यात कोणीतरी निळ्या टोकाची पॅचकॉर्ड, म्हणजे डब्याला जोडणारी छोटी फायबर तार, खुपसली होती. हिरव्या कनेक्टरचे टोक आठ अंशांनी तिरपे घासलेले असते, निळ्याचे तसे नसते. त्यामुळे दोन्ही टोके एकमेकांना नीट भिडत नाहीत, मध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो. हिरवी पॅचकॉर्ड लावताच आकडा उणे २३.४ वर आला आणि मिनिटभरात पीओएन स्थिर झाला. फरक ४.४ डेसिबलचा, म्हणजे पोहोचणारा प्रकाश जवळजवळ पावणेतीन पट. डबा दोन्ही वेळा निर्दोषच होता, याची मला आजही खंत वाटते, कारण पहिल्याच भेटीत कोणी दिवा पाहून मीटर लावला असता तर सरांचे कित्येक दिवस वाचले असते.

पीओएन स्थिर आणि केवळ इंटरनेटचा दिवा विझलेला असेल, तर फायबरला हात लावू नये. त्या वेळी खाते, पासवर्ड किंवा सेटिंग तपासायचे असते आणि हे काम बहुधा फोनवरच होते.

त्यानंतर महिन्याभराने वादळी पावसाच्या रात्री सरांनी मला फोटो पाठवला: पॉवर हिरवा, एलओएस लाल, पीओएन विझलेला. शेजारच्या दोन घरांतही तसेच असल्याचे त्यांनी स्वतः विचारून कळवले होते. मी त्यांच्या घरी न जाता तुटलेले तंतू सांधणारे स्प्लायसिंग मशीन घेऊन थेट रस्त्यावरच्या खांबाकडे गेलो. आंब्याची फांदी केबलवर पडलेली होती.