अर्धी काच सिलिकॉन, अर्धी फ्लोरो: अकरा आठवड्यांची नोंद

गाडीच्या पुढच्या काचेवर पावसाचं पाणी थांबू न देणारी दोन जातींची कोटिंग शेजारी शेजारी लावून बघतोय, अकरावा आठवडा संपला, आज सकाळी काच धुताना जे दिसलं त्यानंतर खात्रीच पटली, म्हणून आता सगळं एकदाच लिहून काढतोय. सुरुवातीचे तीन आठवडे मी भलतंच मोजत बसलो होतो, थेंब किती गोल दिसतो हे. ते सोडून थेंब किती लवकर सुटतो ते बघायला लागलो आणि मग चित्र एकदम वेगळं दिसायला लागलं.

सेटअप असा. पुढच्या काचेवर मधोमध वरपासून खालपर्यंत मास्किंग टेप. ड्रायव्हरच्या बाजूला सिलिकॉनवालं, म्हणजे अल्कोहोलमध्ये पीडीएमएस (एक सिलिकॉन तेल) आणि थोडं आम्ल (रेन-एक्स हे काचेचं प्रसिद्ध कोटिंग १९७२ मध्ये आलं ते याच जातीचं, माझी बाटली दुसरी आहे), आणि शेजारच्या सीटच्या बाजूला फ्लोरोसिलेन (फ्लोरिनवालं, पुढे नुसतं फ्लोरो). शिवाय काचेचे दोन छोटे तुकडे त्याच दिवशी, त्याच कापडाने कोट करून घरात ठेवले, एकेका जातीचा एक. हे तुकडे पुढे फार कामाला आले.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो काच तयार करण्यात आणि तो जायलाच हवा. शाम्पू, मग क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी), मग सिरियम ऑक्साइड या काच पॉलिश करायच्या पावडरचे दोन हात, मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसणं. काच खरंच साफ झालीय का ते नुसतं बघून कळत नाही, पाणी ओतून बघायचं. साफ काचेवर पाणी चादरीसारखं पसरतं आणि तसंच राहतं. जिथे चादर फाटते तिथे अजून तेलकट तवंग आहे. माझ्याकडे वायपर जिथे टेकतात तिथे तळहाताएवढे दोन पट्टे होते, पाणी ओतलं की दोन सेकंदांत तिथून मागे सरकायचं, कडा अशा स्पष्ट दिसायच्या की पेन्सिलने आखून घ्याव्यात. त्या दोन पट्ट्यांसाठी अजून पंचवीस मिनिटं घासलं. सिरियम ओलसर ठेवावं लागतं, वाळलं की ओढतं आणि आजूबाजूच्या काळ्या रबरावर पांढरे डाग पडतात, म्हणून रबर आधी झाकून घ्या. क्षारांचे डाग आणि धुरकटपणा निघतो, नखाला लागणारा ओरखडा मात्र याने काढायला जाऊ नका, तेवढ्याच जागी घासत बसलं की काचेला खोलगट वळण येतं आणि त्यातून रस्ता वाकडा दिसतो.

एवढा आटापिटा कशासाठी, तर काचेच्या पृष्ठभागावर काचेतल्याच सिलिकॉन अणूंना जोडलेले ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात आणि कोटिंगचा रेणू त्यांनाच धरून बसतो. मध्ये तेल असेल तर तो तेलाला चिकटतो, तेल धुतलं गेलं की कोटिंगही जातं आणि पहिले पाढे पंचावन्न.

लावताना एक चूक झाली. छोटे छोटे चौकोन, आधी आडवा हात मग उभा, धुरकट थर आला की ओलसर मायक्रोफायबरने पुसायचं, मग कोरड्याने, इथपर्यंत बरोबर. पण ड्रायव्हरच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर उजेड गेला आणि तिथला थर नीट पुसला गेला नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि वायपर परतीच्या फेरीत टरटर करत नाचायला लागला. साध्या काचेवर पाण्याचा सलग थर वंगणाचं काम करतो, कोट केलेल्या काचेवर तो थर थेंबांत तुटतो, त्यामुळे रबर अर्धवट कोरडं चालतं, आणि त्यात जिथे जास्तीचा थर राहिलाय तिथे ते चिकटतं, सुटतं, चिकटतं, सुटतं. तो कोपरा आयपीएच्या ओल्या कापडाने हलक्या हाताने पुसला, वायपरच्या रबराची धार अल्कोहोलने साफ केली (काळं किती निघालं बघून धक्काच बसला), तरी थोडी थरथर राहिलीच. मग नीट बघितलं तर वायपरचा दांडा किंचित पिळलेला होता, रबर एकाच बाजूला झुकून राहायचं आणि परतीला पलटतच नव्हतं. दांडा अगदी थोडासा सरळ केला आणि आवाज बंद. तेव्हा थरथर आली की लगेच कोटिंगला दोष देऊ नका, आधी दांड्याचा कोन बघा.

आता मोजमाप. पहिले तीन आठवडे मी फोनने थेंबांचे बाजूने फोटो काढून थेंबाची कड काचेला जिथे टेकते तिथला कोन मोजत होतो, कोन जितका मोठा तितका थेंब गोल. सिलिकॉन साधारण १०० अंश, फ्लोरो ११० च्या आसपास. सपाट पृष्ठभागावर कितीही भारी रसायन लावलं तरी १२० च्या पुढे फारसं जाता येत नाही. कमळाच्या पानावर १५० च्या वर जातो तो त्या पानाच्या सूक्ष्म खडबडीतपणामुळे, आपल्या अळवावरच्या पाण्याचंही तसंच, आणि असा खडबडीतपणा वायपरखाली टिकणार नाही. तर मी फ्लोरोला विजेता ठरवून मोकळा झालो होतो. पण रात्री चालवताना जाणवलं की समोरच्या हेडलाइटमध्ये शेजारची बाजू जास्त चमचमतेय, कारण छान गोल पण जागचा न हलणारा प्रत्येक थेंब एक छोटं भिंगच असतं.

मग घरातले तुकडे काढले. ड्रॉपरने एक थेंब, साधारण ०.०५ मिली, आणि फोनमधल्या कोनमापकावर तुकडा हळूहळू तिरका. ताज्या सिलिकॉनवर थेंब १७-१८ अंशांना सुटला. ताज्या फ्लोरोवर २४-२५ लागले. दहा-दहा वेळा करून बघितलं, तेच. म्हणजे जास्त गोल थेंब जास्त धरून बसत होता! सुटण्यापूर्वी थेंबाची पुढची कड फुगते आणि मागची ताणली जाते, त्या दोन कडांच्या कोनातला फरक जितका कमी तितका थेंब लवकर सुटतो, आणि हे नुसत्या बसलेल्या थेंबाच्या फोटोत दिसतच नाही.

गाडीवर काच तिरकी करता येत नाही, तिथे वेग हेच माप. मी गाडी चालवायची, धाकटा भाऊ शेजारी बसून लिहून घ्यायचा, वायपर न लावता थेंब वर पळायला कुठल्या वेगाला सुरुवात होते. पहिल्या मोजणीत सिलिकॉन ताशी ५५ किमी, फ्लोरो ६५. सातव्या आठवड्यात सिलिकॉनची बाजू ८० ला गेली आणि फ्लोरो ७० वर. म्हणजे सुरुवात सिलिकॉनची, पल्ला फ्लोरोचा.

आणि आज सकाळचं. पाणी ओतलं तर ड्रायव्हरच्या बाजूला वायपरच्या फेरीची कमान जशीच्या तशी उमटली, कमानीच्या आत पाणी पसरट, ठिकठिकाणी चिकटलेलं, आणि कमानीच्या बाहेर, वरच्या कोपऱ्यात जिथे रबर कधी पोचतच नाही, तिथे थेंब अजून टपाटप घरंगळतायत. ऊन तेच, पाऊस तोच, शाम्पू तोच, फरक फक्त रबराच्या घासण्याचा. धुळीने भरलेल्या कोरड्या काचेवर वायपर फिरवणं तर मी आता पूर्ण बंद केलंय. तीव्र अल्कलीवाले क्लीनरही बंद, ते काच आणि कोटिंग यांच्यातल्या बंधावरच घाव घालतात.

बाकी काचांचं थोडक्यात. बाजूच्या आरशांवर लावून पस्तावलो, तिथे आडोशामुळे वारा नीट लागत नाही, थेंब ठाण मांडून बसतात आणि मागचं काही दिसत नाही, सिरियमने काढून टाकलं. आरशाला उलट पाणी पसरवणारं कोटिंग बरं. हेल्मेटच्या व्हायझरला काचेचं कोटिंग लावू नका, त्याच्या पॉलीकार्बोनेट प्लास्टिकला बारीक तडे जाऊ शकतात. काचेच्या आतल्या बाजूलाही नको, धुकं धरू नये म्हणून तिथे बाष्प थेंबांत न तुटता पसरायला हवं. ऑटो वायपरचा सेन्सर काचेच्या आत इन्फ्रारेड परावर्तित करून पाणी ओळखतो, त्याची सवय थोडी बदलली, मी सेन्सिटिव्हिटी एक घर वाढवली आणि जमलं.

रविवारी टेप परत लावणार, या वेळी ड्रायव्हरच्या बाजूला फ्लोरो आणि शेजारी सिलिकॉन, वायपरचं रबर दोन्हीकडे नवं. सिलिकॉनच्या बाजूला दर तीन आठवड्यांनी एक हात परत द्यायचा, फ्लोरोला मध्ये हातच लावायचा नाही. उजेड असतानाच सुरुवात करणार आणि खालच्या कोपऱ्यापासून.