रंकाळ्यात बोटीनं फिरताना घरट्यांपासून लांब

श्राद्धपक्षातल्या एका सकाळी मित्राबरोबर कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यात बोटीनं गेलो. पाऊस उघडलेला, तळं तुडुंब, वारा पडलेला. चौपाटीवर फिरणाऱ्यांची गर्दी होती. पाण्यावर आम्ही दोघं आणि वल्ही मारणारे मामा.

केंदाळ (जलपर्णी) आणि पाणकणीस माजलंय तिथं पाखरं जास्त. केंदाळाला सगळं कोल्हापूर शिव्या घालतं, बरोबरच आहे; पण जांभळ्या पाणकोंबडीला आडोसा त्यातच मिळतो. मित्र म्हणाला, "मामा, जरा आत घ्या की." मामांनी वल्हं आडवं धरलं. "घरटी हाईत तिकडं. हितनंच बघा."

पाणवनस्पतींच्या कडेला टिबुकलीचं, म्हणजे बुड्या मारणाऱ्या छोट्या पाणपाखराचं, घरटं दिसलं: कुजक्या पाल्याचा ओला ढीग, तरंगता, देठांना अडकवलेला. आमची चाहूल लागताच तिनं चोचीनं भराभर पाला ओढून अंड्यांवर टाकला, बुडी मारली आणि पार लांब वर आली. बघायला मजा वाटते, पण ती अंडी झाकायला लागली की समजा, आपण जास्तच जवळ आलोय. एकदम अंगावर गेलात तर झाकायलाही वेळ मिळत नाही. उघडी अंडी कावळ्याला आयतीच सापडतात, नाहीतर उन्हात तापतात. आम्ही लगेच मागं फिरलो.

कमळपक्षी तर तरंगत्या पानांवरच अंडी घालतो, सहसा चार, आणि ती उबवतो नर. बोटीची एक जोराची लाट आली तरी ती पाण्यात जातात. त्यामुळं वेलींच्या कडेला वल्ही हळू मारा, पायडल बोट असेल तर पाय थांबवा. बोटीचं तोंड थेट पाखराकडं न करता बाजूनं जा. निदान पन्नास मीटर तरी सोडा, असं माझं मत. पिल्लं पाठीवर घेऊन टिबुकली पोहत असेल तर वाट तिला द्या. फोटोसाठी उभं राहू नका, ड्रोन तर नकोच. घरट्याची नेमकी जागा ग्रुपवर टाकू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं शिकारीतच मोजतात, हे हौशी फोटोवाल्यांना आवर्जून सांगा.

पावसाळ्यात बोटी बंद असू शकतात, तेव्हा आधी विचारून जा. बंद असल्या तरी दुर्बीण घेऊन सकाळी सातच्या आत काठावर या; पाणकोंबड्या आणि वंचक (छोटे बगळे) तिथूनही चांगले दिसतात. भेळेचे कागद मात्र पाण्यात टाकू नका राव.