मूठ

मंगळवार, रात्री साडेअकरा

सकाळपासून एकच वाक्य डोक्यात फिरतंय. "काका, ही तर माझ्याच हातासाठी केल्यासारखी बसतेय."

नेमबाजीच्या रेंजवर सहज म्हणाली ती. सर हसले, मीही हसलो. पिस्तूल पेटीत ठेवलं, घरी आलो. जेवताना ही म्हणाली, तोंड का उतरलंय? म्हटलं, काही नाही. सांगणार तरी काय? माझ्या पिस्तुलाची मूठ एका पंधरा वर्षांच्या मुलीला चपखल बसली, म्हणून वाईट वाटतंय?

पण वाटतंय.

चार महिने गेलेत त्या लाकडावर. बाजारची ग्रिप मला कधी जमलीच नाही. स्मॉलमध्ये अंगठा अवघडतो, मीडियममध्ये करंगळीखाली पोकळी राहते. माझे हातच तसे, आखूड आणि जाड. आईचे होते तसे. असो.

म्हणून अक्रोडाचा ठोकळा आणला. त्याआधी शिसव घेऊन बसलो होतो. रंग देखणा, पण भुशाने आठवडाभर शिंका आणि मनगटावर पुरळ. अक्रोड त्या मानाने सोशिक. रेषा उभ्या धरल्या, कारण अंगठ्याच्या बेचक्यापाशी लाकूड इतकं पातळ उरतं की आडव्या रेषांवर तिथेच तडकलं असतं.

मग काजळ. तळहाताला फासायचं, मूठ धरायची, सोडायची. जिथे काळं उमटेल तिथे लाकूड उंच. तेवढंच कानशीने घासायचं. पुन्हा काजळ, पुन्हा कानस. दोनदा हात जास्त चालला, तिथे एम-सीलमध्ये भुसा कालवून भरला. तळव्याखालचा आधार ऐसपैस झाला म्हणून खूश होतो, तर पुठ्ठ्याच्या खोक्यात पिस्तूल शिरेना. स्पर्धेच्या तपासणीत ते अख्खं 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत मावावं लागतं. म्हणजे परत कानस.

लाखेचं पॉलिश मुद्दाम टाळलं, मला घामाच्या हाताला गुळगुळीत काही नको होतं. जवसाच्या तेलाचे सात हात दिले. पातळ लावायचं, पंधरा मिनिटांनी पुसायचं, दिवसभर सुकू द्यायचं. शेवटी अणकुचीदार खिळ्याने टोचे मारले, पकड यावी म्हणून. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून त्या गॅलरीतल्या दोरीवर पसरायच्या. तिथे आधीच कुणाच्या साड्या वाळत होत्या आणि त्यावरून काय बोलणं झालं, ते लिहीत नाही.

एवढं सगळं माझ्या हातासाठी. माझ्या!

डोळे मिटून हात उचलायचा आणि उघडून बघायचं. नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत मधोमध दिसली तर मूठ बरोबर. घरी दहातून नऊ वेळा दिसते. रेंजवर चार वेळा. शनिवारी साठ शॉट मारले, 600 पैकी 536. जुन्या, बोचणाऱ्या ग्रिपवर 541 होते. तेव्हाही मी लाकडालाच दोष दिला, अजून मुरायचंय म्हटलं. लोणचं आहे का ते?

आणि तिने आज पहिल्या दहा शॉटमध्ये 94 काढले. तिचं पिस्तूल दुरुस्तीला गेलंय म्हणून सरांनी माझं द्यायला सांगितलं. मीच कौतुकाने पुढे केलं, बघ तरी, म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, मी ती उघडून दाखवायला गेलो.

आत्ता काजळाची डबी पुन्हा काढली. ती डबीही आईचीच, पण ते राहू दे.

नेहमीसारखी मूठ धरली. सगळा तळवा सारखा उमटला, कुठे फट नाही. वाटलं, माझीच तर आहे. मग पुसून पुन्हा काजळ लावलं आणि रेंजवर उभा राहतो तसा उभा राहिलो. स्पर्धेच्या 75 मिनिटांतली शेवटची पाच उरलीत, मागे सर आहेत, शेजारच्या लेनवर ती आहे, असं मनात आणून धरली. आता उमटलं ते बोटांच्या टोकांशी आणि मनगटालगत, गडद. तळव्याच्या मध्यात काहीच नाही. ट्रिगर आपला 500 ग्रॅम जोराचा, तेवढा दाबायला मी सगळा पंजा आवळतो. आणि हे चार महिने मला दिसलं नाही, कारण काजळ लावून धरताना कुणी गुण मोजत नव्हतं.

म्हणजे मूठ चुकली नाही. गॅलरीत स्टुलावर बसून चहा पीत पीत कानस चालवणाऱ्या माणसाच्या हाताला ती अगदी बरोबर आहे. फक्त तो माणूस रेंजवर येत नाही. त्या पोरीचा हात मात्र घरी आणि रेंजवर एकच दिसतोय.

तिने वहीच्या चौकटीच्या पानावर स्वतःच्या पंजाची आकृती काढून दुपारीच फोटो पाठवलाय. "काका, मला पण एक कराल?" खाली दोन हात जोडलेले. ठोकळा अर्धा उरलाय, अक्रोड पुरेल. नुसत्या आकृतीवर भागायचं नाही, तिला प्रत्यक्ष बोलवावं लागेल. आणि काजळ लावून धरताना बाजूला सरांना उभं करावं लागेल. माझ्या वेळी हे सुचलं असतं तर.

काजळ सगळं टोच्यांमध्ये बसलंय. फडक्याने निघत नाही. दात घासायच्या ब्रशने निघतंय बऱ्यापैकी. कुणाचा ब्रश हाताला लागला ते सकाळी कळेलच.