गाडीत अडकलेला रे चार्ल्स

२००४ च्या ऑक्टोबरात आमच्याकडे एक जुनी गाडी होती. एरिअल कार वॉशमध्ये मोडलेली, त्यामुळे रेडिओवर नुसती खरखर. सीडी प्लेअर तेवढा धड होता. त्यात मी एक सीडी घातली आणि ती बाहेर यायला तयार होईना. बटण दाबलं की आतून घुर्रर्र व्हायचं, क्षणभर शांतता, आणि पुन्हा पहिलं गाणं सुरू. नवऱ्यानं जेवणाच्या सुरीपासून माझ्या भुवया कोरायच्या चिमट्यापर्यंत सगळं घालून पाहिलं. दुरुस्तीवाला म्हणाला, डॅशबोर्ड उघडावा लागेल. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून आम्ही गप घरी आलो. तो अख्खा हिवाळा न्यू जर्सीतल्या एडिसनहून ऑफिसला जाता-येता आमच्या गाडीत अमेरिकन गायक-पियानोवादक रे चार्ल्स गात होता.

सीडी होती ‘जीनियस लव्हज कंपनी’. घेतली स्टारबक्समध्ये, पैसे द्यायच्या रांगेत उभी असताना. तेव्हा कॉफीच्या दुकानात गाणी विकत मिळतात याचीच गंमत वाटली होती. कॉंकर्ड या रेकॉर्ड कंपनीबरोबर स्टारबक्सही या अल्बमात भागीदार आहे, हे नंतर कळलं. रे चार्ल्स १० जूनला गेला, वयाच्या ७३ व्या वर्षी, यकृताच्या आजारानं. अल्बम आला ३१ ऑगस्टला. गेलेल्या माणसाची नवी सीडी कपांच्या शेजारी मांडलेली बघून कसंसंच झालं, पण घेतली.

खरं सांगायचं तर असल्या अल्बमांबद्दल माझं मत आधीपासूनच वाईट. ज्येष्ठ गायक आणि सोबत बारा नामवंत म्हणजे सत्कार समारंभ. एकेक जण मंचावर येणार, शाल-श्रीफळ देणार आणि सत्कारमूर्तींबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दलच बोलून खाली उतरणार. इथेही यादी तशीच होती. नोरा जोन्स, जेम्स टेलर, डायना क्रॉल, एल्टन जॉन, नॅटली कोल, बॉनी रेट, विली नेल्सन, मायकल मॅकडॉनल्ड, बी. बी. किंग, ग्लॅडिस नाइट, जॉनी मॅथिस, व्हॅन मॉरिसन.

सीडी अडकली नसती तर मी ती दोनदा ऐकून कपाटात टाकली असती.

नोव्हेंबरात बाबा आले, सहा महिन्यांसाठी. सरकारी नोकरी सांभाळून चाळीस वर्षं गावातल्या गाणाऱ्यांना पेटीची साथ केलेला माणूस. इंग्रजी गाण्यांशी काडीचा संबंध नाही. विमानतळावरून घरी येतानाच नवऱ्यानं दिलगिरी व्यक्त केली, “बाबा, हे बंद होत नाही. म्हणजे आवाज कमी होतो, पण...” पुढे कुठलंसं संथ गाणं लागलं तेव्हा तोच वैतागून म्हणाला, “हा म्हातारा रडतोय की गातोय?”

मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, “दोन्ही. पण लयीत.”

त्यानंतर मला गाडीत शिकवणीच सुरू झाली म्हणा ना. ‘यू डोन्ट नो मी’ हे रेनं १९६२ साली स्वतः गाजवलेलं गाणं. इथे ते डायना क्रॉलबरोबर आहे. बाबा मांडीवर बोटानं ताल धरायचे आणि रेची ओळ आली की बोट हवेत धरून वाट बघायचे. “बघ, ठोका गेला. हा अजून आला नाही. अजून नाही... आला! याला कशाची घाई नाही, आणि चुकतही नाही.” मग मलाही ते ऐकू यायला लागलं. आवाज पार विरलाय, वरचा सूर गाठताना फाटतो, ओळीच्या शेवटी श्वास उरत नाही. पण शब्द नेमका कधी टाकायचा, ते घड्याळ आतमध्ये शाबूत आहे. ध्वनिमुद्रण जून २००३ ते मार्च २००४ असं चाललं होतं. म्हणजे आजारपण त्या टेपेवर सोबतच आलंय, आणि ते लपवायचा फार खटाटोप कुणी केलेला नाही, हे बरंच झालं.

बाबांची कसोटी एकच. समोरचा थांबतो का? पेटीवाल्याला दुसरं काय दिसणार म्हणा.

पहिलं गाणं ‘हिअर वी गो अगेन’. रेनं १९६७ मध्ये गायलेलं. नोरा जोन्सचा जन्म १९७९ चा. बिली प्रेस्टन ऑर्गनवर. हे त्यांनी एकाच वेळी, बँडसोबत समोरासमोर बसून गायलं, आणि ते कळतंच. दोघं एकत्र गातात तिथे रे शब्द रेंगाळत ठेवतो आणि ही पोरगी आपला शब्द ओठांवर धरून बसते. तो निघाला की ही निघते. स्वतःचा गळा इतका मऊ असूनही कुठे पसरत नाही. “थांबते बघ,” बाबा म्हणाले. “थांबता येणं ही अर्धी साथ.” मी अगदी राखून ठेवलेली बातमी फोडली, की बाबा, ही पंडित रविशंकरांची मुलगी! मला वाटलं उडतील. ते म्हणाले, “असेल. थांबायला कुणी शिकवलं ते सांग.” ती आईजवळ टेक्ससमध्ये वाढली, एवढंच मला सांगता आलं.

बी. बी. किंगबरोबरचं ‘सिनर्स प्रेयर’ लागलं की मागच्या सीटवर हालचाल व्हायची. हे लोवेल फुल्सनचं गाणं, आणि विशीत असताना रे याच फुल्सनच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. म्हणजे इथे पाहुणा कुणीच नाही, दोघंही माहेरी आलेत. गिटार एक वाक्य बोलते, पियानो त्याला “हं” म्हणतो. दोन म्हातारे कट्ट्यावर बसून जुन्या उधारीचा हिशेब करताहेत असं काहीतरी.

विली नेल्सनवर माझा फार जीव. त्याची आणि रेची दोस्तीही जुनी, १९८४ चं त्यांचं ‘सेव्हन स्पॅनिश एंजल्स’ अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं होतं. पण इथे दोघांच्या अंगावर एवढा मोठा वाद्यवृंद घातलाय, की लग्नातल्या भाड्याच्या शेरवानीत अवघडलेले दोन काका दिसतात. व्हॅन मॉरिसनचं गाणं एका समारंभातलं थेट मुद्रण आहे. बाकीच्यांच्या पंगतीत ते बसत नाही. मायकल मॅकडॉनल्डचं लागलं की आम्ही बोलत असू.

एल्टन जॉनचं मात्र कुणी बोलून मोडायचं नाही, असा गाडीत न ठरवता नियम झाला. ‘सॉरी सीम्स टू बी द हार्डेस्ट वर्ड’. गाणं एल्टनचं, १९७६ चं, रुसलेल्या प्रेयसीसाठीचं. रेनं आयुष्यात मुद्रित केलेलं हे शेवटचं गाणं. एल्टन एरवी स्टेडियम भरून टाकणारा माणूस, इथे आवाज आखडून बसलाय. शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपलंय, अशा बेतानं. आणि रे ती ओळ घेतो तेव्हा प्रेयसी वगैरे कुणी उरत नाही. त्याच्या आयुष्याचं थोडंफार वाचलेलं असलं तर आणखीच जड जातं: सातव्या वर्षापर्यंत गेलेली दृष्टी, त्याआधी डोळ्यांदेखत टबात बुडालेला धाकटा भाऊ. बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं, शब्दही कळत नव्हते. एकदा टर्नपाइक महामार्गावर बर्फ पडत असताना त्यांनी विचारलं, “हा कुणाची माफी मागतोय का?”

मी काचेवरचे वायपर जोरात केले आणि हो म्हणाले.

१३ फेब्रुवारी २००५ ला ग्रॅमी झाल्या. अल्बमला एकूण आठ मिळाल्या, वर्षातला सर्वोत्तम अल्बम धरून. समोर कान्ये वेस्ट, ग्रीन डे, अशर आणि अलिशिया कीज. माझं मत विचाराल तर त्या वर्षीचा तो मान कान्येच्या पहिल्या अल्बमचा होता, आणि मतं देणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नोराबरोबरच्या गाण्याला मात्र ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’ मिळालं त्याबद्दल तक्रार नाही. पुढे अल्बम बिलबोर्डच्या खपाच्या यादीत पहिला आला, १९६२ नंतर रेचा पहिलाच. मी टीव्हीसमोर टाळ्या वाजवत होते. बाबा केव्हाच झोपले होते.

एप्रिलमध्ये परत जायच्या आदल्या दिवशी त्यांनी गायकांची नावं मराठीत लिहून मागितली. मी ऑफिसच्या एका कागदावर बारा नावं क्रमानं लिहून दिली. सामान भरताना तो कागद राहिला, म्हणून मी सीडीच्या रिकाम्या डबीत घालून ती ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवली. पुढच्या वर्षी गाडी भंगारात दिली, तेव्हा तिथल्या पोरानं पक्कडीनं सीडी ओढून काढली, आडवा ओरखडा घेऊन. डबी उघडली तर कागदावर बाबांच्या पेन्सिलीच्या खुणा. नोरा जोन्स, बी. बी. किंग आणि एल्टन जॉनपुढे एकेक फुली. विली नेल्सनपुढे, “वाद्यं जास्त.” नॅटली कोलपुढे, “ठेका छान, भेट नाही.” आणि सगळ्यात खाली, मी लिहायचं विसरले होते म्हणून त्यांनीच घातलेलं तेरावं नाव, “ऑर्गनवाला.”