आमची वाटचाल : डब्यावरचे बासष्ट

एक टेबल, एक वाइस, दोन गोल कानशी, प्लगचा पाना आणि कॉम्प्रेशन गेज. एवढ्यावर आम्ही चेनसॉचं, म्हणजे लाकूड कापायच्या यांत्रिक करवतीचं, दुकान सुरू केलं. इंजिनातला दाब मोजायचं ते गेज उधारीवर आणलं होतं. त्याची काच आता तडकली आहे, पण काटा अजून खरं सांगतो. पहिली दोन-तीन वर्षं करवतींच्या चेनना नुसती धार लावली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. धार लावणाऱ्याला कोणी मेकॅनिक म्हणत नाही, तेवढं मात्र लागायचं.

धार लावताना गिऱ्हाइकाला गोष्ट सांगायची माझी सवय. चेनच्या दाताचा आज जो आकार आहे, तो अमेरिकेतल्या जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला १९४६ साली सुचला, तोही लाकडातली अळी बघून. ती अळी डावीउजवीकडे कुरतडत लाकडाच्या रेषांमधून आडवी-उभी सारखीच पुढे जाते. ही गोष्ट हल्ली समोरच्या दुकानातलेही सांगतात. कोणाकडून ऐकली, ते सांगत नाहीत.

समोरचे म्हणजे कोण, ते लिहीत नाही. चेन रिवेट करायला, म्हणजे तिच्या कड्या खिळ्यांनी जोडायला, आमच्याच टेबलावर शिकले.

तेव्हा आम्ही नवी मशीनं विकायला लागलो होतो. सगळी मधल्या मापाची : ५० ते ६० सीसी, बार, म्हणजे चेन फिरते ती पट्टी, १८ नाहीतर २० इंच, बार-चेन धरल्याशिवाय वजन पाच-सहा किलो. रोज लाकूड पाडणाऱ्याला याहून लहान पुरत नाही आणि याहून मोठं संध्याकाळपर्यंत पाठीला सोसत नाही. धंदा बरा चालला होता. मग समोर रंगीत डबे लागले. ६२ सीसी, २२ इंची बार, वर एक चेन फुकट, आणि किंमत आमच्या निम्म्याच्याही खाली. गिऱ्हाईक विचारू लागलं, ‘तुमचं पन्नास, त्यांचं बासष्ट, आणि पैसे तुम्हालाच जास्त?’

मशीन उघडून दाखवायला हवं होतं. मी घाबरलो आणि तसलाच माल भरला. चाळीस नग.

तिसऱ्या आठवड्यात पहिलं परत आलं. दोरी ओढली तर हाताला काही लागेना, गेज ७० च्या वर सरकेना. सायलेन्सरचे दोन बोल्ट काढून बॅटरी मारली. पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगावर उभे ओरखडे, मांजराने नखं मारावीत तसे. तेल कमी घातलं म्हणावं, तर टाकीतलं पेट्रोल-तेलाचं मिश्रण चांगलं निळंशार होतं. दोष होता कार्बोरेटर आणि सिलेंडरमधल्या रबरी नळीचा. ती नीट बसलेलीच नव्हती. तिथून फुकटची हवा आत, पेट्रोल कमी, पेट्रोलबरोबर तेलही कमी, आणि एक्झॉस्टची बाजू आधीच सगळ्यात तापलेली. रात्री व्हर्नियर घेऊन बसलो. बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, ४५ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ३४. हिशेब तीनदा केला. डब्यावर ६२, पण तिन्ही वेळा ५४ सीसीच आले. वर २२ इंची बारच्या टोकापर्यंत ऑइलपंपाचं तेल पोचत नव्हतं, टोक जळून निळं पडलं होतं.

एकतीस नग परत घेतले. सगळे पैसे दिले, एकाचेही बुडवले नाहीत. त्यासाठी ग्राइंडर विकला, चेन तोडायचं आणि रिवेटायचं यंत्रही विकलं. ते यंत्र कोणी घेतलं? समोरच्यांनीच. घासाघीस करून.

त्या महिन्यात वखारवाले आप्पा आपली तिन्ही मशीनं घेऊन आले. आमच्याकडून नेलेली, ५० सीसीची. मागच्या मुठीचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, बाकी घड्याळासारखी. मी म्हटलं, ‘आप्पा, यांना काही झालेलं नाही. नेऊ शकता तुम्ही.’ म्हणाले, ‘मला माहीत आहे. तू उघड, पूस, परत बसव. पैसे आज घे.’ आणि पैसे ठेवून गेले. मी तिन्ही उघडली. एअर फिल्टर स्वच्छ, बार उलटसुलट करून वापरल्यामुळे दोन्ही कडा सारख्या झिजलेल्या. टाकीतलं फिल्टर तेवढं बदललं. दुकान त्यावर वाचलं असं नाही, पण भाडं गेलं.

कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. मशीन घ्यायला गेलात की सीसी नंतर विचारा, आधी पिस्टन-सिलेंडरचा सेट आणि ऑइलपंप सुटा मिळतो का ते विचारा. ‘मिळेल की’ म्हणाला तर ‘दाखवा’ म्हणा. मशीन चालू करवून घ्या. रेस सोडल्यावर चेन थांबली पाहिजे, रांगत राहिली तर आयडल किंवा क्लच बघायला लावा. बारचं टोक पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्या, तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. चेनब्रेक मनगटाने पुढे ढकलून बघा. ५० सीसीला १८ इंच पुरे, लांब बार दिसायला ऐटबाज असतो, कापायला नाही. पेट्रोलमध्ये तेल टू-स्ट्रोकचंच. कंपनीने ५० ला १ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली, अंदाजाने झाकण ओतू नका. आणि .३२५ इंच मापाच्या चेनला ४.८ मिलिमीटरचीच कानस. दर वेळी दोन घास, फक्त पुढे ढकलताना, प्रत्येक दाताला सारखे. बोथट होईपर्यंत थांबलात तर दोनाचे दहा होतात. पिठासारखा भुसा पडायला लागला म्हणजे आधीच उशीर झाला.

नंतरची वर्षं बरी गेली.

ओरखडलेला एक पिस्टन अजून टेबलावर आहे, आता बिलांवर ठेवायला. मागच्या महिन्यात समोरचा पोरगा आला. म्हणाला, ‘काका, शेठनी ४.८ ची कानस मागितलीय, उद्या देतो.’ दिली. त्याच्यासमोरच वहीत लिहून ठेवली. अजून आलेली नाही.