जाळीत पडला आणि परत शिडी चढला

मागच्या रविवारी लेकाला घेऊन वाशीला सर्कस बघायला गेले, कोपरखैरण्याहून तीनच स्टेशनं, सोबत माझे बाबा पण होते. बाबा मूळचे सांगलीकडचे, त्यामुळे सर्कस म्हटलं की त्यांना राहवतच नाही. आपल्या देशातली पहिली सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे त्यांच्याच भागातले, अंकलखोपचे. 1879 ला मुंबईत इटालियन सर्कस आली होती आणि लगेच 1880 मध्ये छत्र्यांनी मुंबईतच स्वतःचा पहिला खेळ लावला, हे सगळं बाबांनी ट्रेनमध्येच नातवाला सांगून टाकलं.

लेक नऊ वर्षांचा आहे. हुशार आहे पण एकदा जमलं नाही की सोडून देतो. स्केटिंग सोडलं, कीबोर्ड सोडला, गणित चुकलं की पानच फाडतो. मला याची खरंच काळजी वाटते, समजावून समजावून मी थकलेय.

तर शेवटी झुल्याचा खेळ होता. एका मुलाने वर हातांना पांढरी पावडर चोळली, झोका घेतला, हवेत कोलांटी मारली आणि समोर उलटं लटकलेल्या माणसाचे हात त्याला सापडलेच नाहीत. धाडकन खाली जाळीत. अख्खा तंबू आई गं करून ओरडला. तो उठला, जाळीच्या कडेवरून खाली उतरला आणि सरळ शिडीकडे गेला, परत वर चढला, परत पावडर चोळली. दुसऱ्या वेळेस झेल बरोब्बर बसला आणि लेक खुर्चीवर उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. मग माझ्या कानात म्हणाला, आई, तो पडला तेव्हा कोणीच हसलं नाही.

मला तेवढ्यासाठी तिकिटाचे पैसे वसूल झाले असं वाटलं. मोबाईलवर याहून भारी स्टंट दिसतात हो, पण तिथे चुकलेलं सगळं कापून टाकलेलं असतं, मुलांना वाटतं जमणाऱ्याला पहिल्या झटक्यातच जमतं. इथे चूक डोळ्यांसमोर होते, शेकडो लोकांसमोर होते, आणि पुढच्याच मिनिटाला ती दुरुस्त पण होते.

खेळ संपल्यावर जाळी सोडवणाऱ्या एका दादाला लेकाने विचारलं, लागत नाही का? तो म्हणाला, आम्हाला आधी पडायलाच शिकवतात, पाठीवर पडायचं, पाय टेकवायला गेलास तर पाय मोडेल. बाजूला जाळी गुंडाळायला कोण होती तर मघाशी दोरीवरून चालणारी मुलगी! चमचमता ड्रेस बदलून साध्या टी शर्टमध्ये. लेक तिच्याकडे कितीतरी वेळ बघत उभा होता.

बाबांना वाघ-सिंह नसल्याची चुटपुट लागली होती. मला मात्र ते नाहीत तेच बरं वाटतं. वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं यांचे खेळ बंद करायचा सरकारी आदेश 1998 चा आहे, आणि खरं सांगते, पिंजऱ्यातल्या वाघाला चाबूक दाखवताना बघून पोराने काय शिकायचं होतं? इथे जे करत होतं ते माणूस स्वतःच्या मेहनतीने, स्वतःच्या मर्जीने करत होतं.

घरी आल्यापासून लेक मोज्यांचे तीन गोळे करून जगलिंग करतोय. बेडच्या बाजूला उभा राहून, म्हणजे पडले तरी खाली वाकावं लागत नाही, ही आयडिया त्याचीच. आधी तो हातांकडे बघायचा आणि सगळे पडायचे, मग त्याला स्वतःच कळलं की नजर वर ठेवायची, गोळा जिथे सगळ्यात उंच जातो तिथे. आज सहावा दिवस आहे. मी इथे टाईप करतेय आणि आतून बाबांचा आवाज येतोय, नऊ, दहा, अकरा, आणि परत एक.