आपण रांगेत कधी हुतो?

माझ्या एका विद्यार्थ्याच्या निबंधाची ती सुरुवात मला पाठ झाली होती. ‘एप्रिल २०१६. पहाटेचे तीन वाजलेत. मी पंधरा वर्षांचा आहे, माझ्या हातात दोन घागरी आहेत आणि माझ्यापुढं शंभरेक माणसं उभी आहेत.’ इंग्रजीत ती आणखी आटोपशीर होती. परदेशी बिझनेस स्कूलच्या अर्जात हा निबंध पहिल्या चार ओळींतच वाचणाऱ्याला धरून ठेवणार, याची मला खात्री होती. त्या रविवारी सकाळी आम्ही त्याच्यावर शेवटचा हात फिरवायला बसलो होतो.

लातुरात क्लास म्हटलं की नीट नाहीतर जेईई. औसा रोडवर माझी एक खोली आहे, तिथं मी वेगळंच काम करतो. आधी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. आता एमबीएच्या अर्जासाठी जे निबंध लागतात, ते लिहिणाऱ्या मुलामुलींसोबत बसतो. त्यांच्यासाठी मी एकही वाक्य लिहीत नाही. प्रश्न विचारतो, कच्च्या ओळींखाली रेघ मारतो आणि परत पाठवतो. वर्षाला पंधरा-वीस जण येतात. बहुतेक जण नांदेड, परभणी, धाराशिव, बीडकडचे असतात आणि पुण्यात नोकरीला असतात.

हा मुलगा रेणापूर तालुक्यातला. मी हे लिहावं, असं त्यानंच सांगितलं, पण नाव मी देत नाही. इंजिनिअरिंग झालेलं, चाकणला एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागात नोकरी. अर्ज स्टॅनफर्डला करायचा होता, आणि इथं हैदराबादच्या आयएसबी या बिझनेस स्कूलला. स्टॅनफर्ड वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारतं: तुमच्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं काय आहे, आणि का? त्याच्या जोडीला दुसरा निबंध, इथंच का यायचंय याचा. दोन्हींना मिळून शब्दांची मर्यादा असते. पहिल्याला साधारण ६५० वापरा, असं ते सुचवतात.

त्याचा पहिला खर्डा मी आठवडाभर आधीच परत केला होता. त्यात ‘टीम’ होती, ‘इम्पॅक्ट’ होता, ‘स्टेकहोल्डर’ होते, फक्त तो कुठं नव्हता. म्हणून मी त्याला विचारलं, “तू लातूरकडचा. २०१६ साली कुठं होतास?”

“इथंच, सर. गावी.”

तिथं मी पुढचा प्रश्न विचारायला हवा होता: गावी काय करत होतास? तो मी विचारला नाही. मीच बोलत सुटलो. त्या वर्षी शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि साधारण पाच लाख लिटर पाणी. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. मांजरा धरण कोरडं पडलेलं. हे सगळं मी पाहिलेलं, म्हणून भरभरून सांगितलं. आठवड्यानं तो घागरी घेऊनच आला. मी तीन विशेषणं काढली आणि ‘आता जमलं’ म्हणालो.

त्या रविवारी त्याचे वडील सोबत होते. गंजगोलाईत फवारणीच्या पंपाचं काहीतरी घ्यायचं होतं, म्हणून मुलाच्या गाडीवर आलेले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसले. आम्ही दोघं इंग्रजीत बोलतोय आणि ते नुसतेच भिंतीकडं बघतायत, हे मला बरं वाटेना. म्हणून म्हणालो, “आबा, पोरानं काय लिहिलंय ते मी मराठीत सांगतो. ऐका.” आणि ओळ न ओळ मराठी करत वाचायला लागलो.

घागरीपाशीच त्यांनी थांबवलं.

“आपण रांगेत कधी हुतो रं?”

मुलगा लॅपटॉपकडं बघत राहिला.

“आपलं तर टँकर हुतं की. दोन. रांगेत लोकं हुती, सर. आमी न्हाई.”

आवाजात राग नव्हता. सातबाऱ्यावर चुकीचं नाव पडलं की माणूस तलाठ्याला जसं सांगतो, तसं त्यांनी सांगितलं. मग काय बोलून गेलो हे ध्यानात आलं असावं. ते उठले, “मी च्या सांगून येतो” म्हणाले आणि खाली गेले.

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मला पोराचा राग आला नाही. त्या घागरी मीच त्याच्या हातात दिल्या होत्या. मराठवाड्याचं पोरगं म्हणजे दुष्काळ सोसलेलं पोरगं, हे मी धरूनच चाललो होतो, आणि माझ्या डोळ्यांत जे दिसलं ते त्यानं लिहून दिलं. आमच्याकडच्या मुलांपुढं अर्ज लिहिताना दोनच वाटा ठेवल्या जातात. एकतर पुण्या-मुंबईच्या पोरांसारखं बोलायचं, नाहीतर हाल मांडायचे. तिसरी वाट कुणी दाखवत नाही. मीही दाखवली नव्हती.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच स्पष्ट सांगावी लागली. हे खोटं आहे आणि खोटं म्हणूनच ते जाणार नाही. पकडलं जाईल म्हणून, हे कारण नंतरचं. तेही खरंच आहे: शिफारसपत्रं लिहिणारी माणसं वेगळं लिहितात, मुलाखतीत निबंधातलं वाक्य उचलून विचारतात, प्रवेश मिळाल्यावरही माहितीची पडताळणी होते आणि दिलेला प्रवेश काढून घेतला जातो. पण आपल्याच जिल्ह्यातल्या बायामाणसांची रात्र आपल्या नावावर लावायची, हे त्याच्याही आधी चूक आहे. तो म्हणाला, “माहितीय सर. पण टँकरचं कसं लिहायचं? कोण घेईल मला?”

मी लॅपटॉप बंद करायला सांगितला आणि समोर कोरे कागद ठेवले. मराठीत सांग म्हटलं. जे झालं ते, झालं तसं.

दहावीची परीक्षा संपली होती. वडिलांनी त्याच्याकडं फोन आणि दीडशे पानी वही दिली. वहीत रकाने: तारीख, नाव, खेपा, रोख, उधार. शेतातल्या बोअरला पाणी होतं, तेच टँकरमध्ये भरून शहरात जायचं. पाच हजार लिटरचा टँकर. जानेवारीत सहाशे रुपये, मग आठशे, मग हजार, एप्रिलात बाराशे. आकडे त्याच्या तोंडावर होते. दर वाढला की फोनवर सांगायचं काम त्याचं. लोक चिडायचे, विनवायचे. तो म्हणायचा, “घरी विचारून सांगतो,” आणि विचारायचा नाही, कारण उत्तर ठरलेलं असायचं.

एकदा त्याच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंचा फोन आला. त्यांनी आवाज ओळखला नाही, यानं ओळखला. त्या म्हणाल्या, आम्ही दोघंच आहोत, टाकी लहान आहे, अर्धा टँकर मिळेल का, अर्ध्याचे पैसे देते. अर्धी खेप घरात कुणी देत नव्हतं, डिझेल तेवढंच लागतं. हा म्हणाला, “अर्धा देत नाही,” आणि फोन ठेवला. पुढं मे महिन्यात याच्या घरचंही बोअर गेलं आणि धंदा बंद झाला. बाईंना नंतर निकालाच्या दिवशी शाळेत पेढे देऊन पाया पडला. त्यांना अजून माहीत नाही.

एवढं सांगून तो थांबला. मग म्हणाला, “त्या पैशातून माझी इंजिनिअरिंगची पहिल्या वर्षाची फी भरली.”

आता खरा प्रश्न पुढं होता. नुसती कबुली हा निबंध होत नाही. वाचणारा पुढं विचारणारच: बरं, मग? त्याचं तुझ्यात काय उरलं? माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे आणि बहुतेक निबंध इथंच कोसळतात. प्रसंग रंगवून सांगतात आणि शेवटी ‘यातून मी नेतृत्व शिकलो’ असं लिहून मोकळे होतात. शिकलास, तर पुढच्या वेळी काय वेगळं केलंस? तारीख सांग. कुणाला नको होतं ते सांग. त्याची किंमत काय पडली ते सांग.

मी विचारलं, “चाकणला तुझ्यासमोर असा कुणी आहे का, जो फोन करतो आणि तू ‘विचारून सांगतो’ म्हणतोस?”

बराच वेळ गेला. मग तो हळूहळू बोलू लागला. कंपनीला बारीकसारीक भाग पुरवणारे छोटे वर्कशॉपवाले आहेत. त्यांची बिलं शंभर-शंभर दिवस अडकायची. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, हा कायदा २००६ चाच. २०२३-२४ पासून तर वेळेत न दिलेल्या रकमेची त्या वर्षी आयकरात वजावट मिळत नाही. तरी फोन यायचे आणि यानं तेच उत्तर द्यायचं. एका रात्री त्यानं अशा अकरा जणांचा तक्ता केला: कुणाचं किती, किती दिवसांचं, कायद्यानं किती. सकाळी साहेबांना दाखवला. साहेबांना आवडलं नाही. हे तुझं काम नाही, म्हणाले. त्यानं वजावटीचा हिशोब मांडून तोच तक्ता लेखा विभागाला, साहेबांना सांगूनच, पाठवला. अकरापैकी सात जणांचे पैसे महिनाभरात निघाले. चौघांचे नाही निघाले. त्या वर्षी याची पगारवाढ किरकोळ झाली.

“हे तू अर्जात कुठंच का लिहिलं नाहीस?”

“अकराच तर लोक होते, सर.”

पहिल्या खर्ड्यात त्यानं चाळीस जणांच्या प्रकल्पावर दोन परिच्छेद खर्च केले होते, ज्यात त्याचं काम होतं बैठकांची मिनिट्स लिहिण्याचं.

हार्वर्डनं २०२४ मध्ये आपला जुना मोकळा प्रश्न काढून तीन छोटे निबंध ठेवले, ३०० शब्दांचा एक आणि २५० चे दोन. त्या मर्यादेत चाळीस जणांचा प्रकल्प मावत नाही. एक माणूस, एक निर्णय, एक अडचण एवढंच मावतं. म्हणूनच मला ती मर्यादा आवडते. आयआयएमच्या लेखी चाचणीत समोर आलेल्या विषयावर थोड्या वेळात मत मांडायचं असतं, तिथं वाचन आणि तर्क चालून जातो. इथं विषय तुम्हीच असता. जीमॅट या एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या नव्या रूपातून लेखनाचा भाग गेलाय, त्यामुळं लिहिणारा माणूस कसा विचार करतो हे कळायला आता हेच कागद राहिलेत.

चहा घेऊन आबा परत आले. मुलानंच त्यांना सांगितलं, टँकरचं लिहिणार आहे म्हणून. मला धाकधूक होती. घरचं बाहेर मांडायचं, तेही परक्या मुलखात.

आबा म्हणाले, “लिव्ह. त्यात चोरी काय हाय? पर एक नीट लिव्ह. भाव म्या वाढविला हुता. तू न्हाई.”

“पण आबा, फोन मी उचलत होतो.”

“तू पोरगं हुतास.”

“पंधरा वर्षांचा होतो. मला कळत होतं.”

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि कुणीच हटत नव्हतं. मी मध्ये बोललो नाही. आमच्याकडची मुलं निबंधात सगळीकडं ‘आम्ही’ लिहितात, कारण ‘मी केलं’ म्हणणं घरात शोभत नाही, आणि मी दरवेळी ‘आम्ही’ला गोल करून विचारतो: यातला तू कोणता? इथं ते काम एका शेतकऱ्यानं माझ्यासमोर केलं. दर ठरवणारा कोण, सांगणारा कोण, दोन्ही वेगळं झालं. निबंधात ते तसंच उतरलं: दर वडील ठरवायचे, ‘नाही’ मी म्हणायचो.

संध्याकाळी सहापर्यंत तो लिहीत होता. आधी मराठीत, सात पानं, खाडाखोड करत. आबा पंप घेऊन परत येऊन पायरीवर बसले होते. इंग्रजी पुढच्या दोन रात्रींत झालं. त्यात पहाटेचे तीन नव्हते, रेल्वे नव्हती. पहिली ओळ होती फोनवरच्या उत्तराची. ‘का’च्या उत्तरात त्यानं लिहिलं, की व्यवहारात पलीकडं कोण आहे हे मला बघता यावं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण एकदा मी ते ओळखलं आणि तरी फोन ठेवला. आयएसबीनं पुढं त्याला मुलाखतीला बोलावलं, स्टॅनफर्डनं नाही.

अर्ज भरायच्या तीन दिवस आधी त्याचा फोन आला. आबांनी ती जुनी वही कपाटातून काढली होती आणि रेणापूरहून एसटीच्या कंडक्टरजवळ देऊन पाठवली होती. स्टँडवर जाऊन मी ती घेतली आणि व्हिडिओ कॉलवर पानं उलटून दाखवली. एप्रिलच्या पानावर, त्याच्याच अक्षरात, दर होता चौदाशे. निबंधात बाराशे लिहिलेला होता.

तो थोडा वेळ पानाकडं बघत राहिला. “सर, पुढचं पान दाखवता?” म्हणाला. तिथंही चौदाशेच होते. मग त्यानं आकडा बदलला आणि अर्ज भरला.